दोन डाव्या बाजू

मामा,

दुपारची जेवणं उरकली की हल्ली माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की तुम्ही येता. खांद्यावर फळी असते. दारातून आत शिरताना तुम्ही तिचं पुढचं टोक जरा खाली घेता, चौकटीला लागू नये म्हणून. कारखान्यात भुसा तरंगत असतो, मागच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली असते, आणि त्या तिरपीत उभं राहून तुम्ही उजव्या अंगठ्याने मी पाडलेली खाच चाचपता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई कसलीच नसते. मी विचारते, "बरोबर हाय का?" तुम्ही मान हलवता. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे कळायच्या आत आत्याबाई हाक मारतात, "मंगल, च्या ठेव गं," आणि मी जागी होते. मग थोडा वेळ आपण कुठल्या सालात आहोत तेच मला समजत नाही.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तालमीच्या फळ्यावर तुमचं नाव खडूने लिहिलं होतं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मी जाऊन बघून आले. फळ्याच्या चौकटीचा एक कोपरा सुटलाय, तुम्ही असता तर आधी तो बघितला असता आणि मग नाव. तुमच्या कामाचं कौतुक सगळ्यांनी केलं. ते मी इथं पुन्हा लिहीत नाही.

मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. येत्या रविवारी कागलहून माझा दादा येतोय. काय विचारायला येतोय ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षांपूर्वी तो ह्याच दारात ह्याच प्रश्नासाठी उभा होता, मंगलला माहेरी घेऊन जाऊ का म्हणून. तेव्हा उत्तर तुम्ही दिलंत. आता ते मला द्यायचं आहे, आणि त्याआधी तुमच्याशी थोडं भांडून घ्यायचं आहे. तुम्ही होता तोवर आपण भांडलो ते फक्त लाकडावरून.

तुमचा मुलगा गेला तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यांचं नाव मी उखाण्यात दोनदा घेतलं असेल तेवढंच, आजही लिहिताना हात अडखळतो, म्हणून 'हे'च म्हणते. ह्यांनी जायच्या आधी दोन महिने पुण्याहून राउटर मशीन आणलं होतं. खाली फिरतं पातं, वर दोन मुठी, आणि आवाज असा की शेजारची मांजर पत्र्यावरून उडी टाकून पळायची. तुम्ही त्याला भुंगा म्हणायचा. हे हौसेने दाखवायला लागले की तुम्ही पटाशी पाजळत बसायचा, मान वर करायचा नाही. हे गेल्यावर तो भुंगा खोक्यात घालून तुम्ही बाकाखाली सरकवलात आणि वर बारदान टाकलंत. मीही अशीच एका खोलीत बसून होते. मांडीवर लेकरू नाही, घरात नवरा नाही. शेजारच्या बायका आत्याबाईंना विचारायच्या, सून कधी जाणार म्हणून, आणि मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने विचारायच्या.

मला त्या वेळी कुणी विचारलं असतं की तुला काय हवं, तर सांगता आलं नसतं. कागलला आई नव्हती. वहिनी चांगली होती, पण तिच्या स्वयंपाकघरात माझ्या हाताला काम सापडलं नसतं. इथं निदान शिवणाचं मशीन होतं. मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे आणि कारखान्यातून येणारा करवतीचा आवाज ऐकायचे. तो थांबला की मीही पाय थांबवायचे. तुम्हाला हे माहीत नसणार.

मग बस्तीचं काम आलं. जैन बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जुन्या पोथ्या होत्या आणि त्यांच्यासाठी सागवानी कपाट हवं होतं. बस्तीचे अण्णा सांगायला आले तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले होते.

"सरस चालायचा न्हाई, मिस्त्री," अण्णा म्हणाले. "जनावरापासनं करत्यात त्यो."

"मग दुसरा गोंद लावतो की."

"गोंदच नको. श्रुतपंचमीला आमी पोथ्या भाईर काढतोय, पुसतोय, नवं कापड घालतोय. त्या दिवशी फळ्याबी निघाल्या पायजेत. हातानं वडली की निघंल, ढकलली की बसंल, आन पोथ्या ठेवल्यावर हलायची न्हाई."

तुम्ही "व्हतंय" म्हणालात. अण्णा गेल्यावर बराच वेळ उजवं मनगट डाव्या हातात धरून बसलात. पाच फळ्या, म्हणजे दोन बाजूंना मिळून दहा खाची, खिळा नाही, गोंद नाही, सगळा भार खाचेच्या अचूकपणावर. आणि ह्यांच्या दिवसांनंतर तुमच्या मनगटात जी कळ धरली होती ती काही केल्या जात नव्हती. पहिली खाच तुम्ही एका तुकड्यावर करून बघितलीत. करवतीने दोन रेघा, मधलं लाकूड पटाशीने. अर्ध्यावरच पटाशी खाली ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लाकूड बघायला राधानगरी रोडच्या वखारीत गेला होता. मी बारदान काढलं, खोकं उघडलं. का उघडलं, ते मला अजून सांगता येत नाही. त्यांच्या हाताचा वास असेल असं वाटलं होतं, पण नुसता ग्रीसचा होता. मशीन चालू केलं तर ते माझ्या हातातून निसटायला बघत होतं. टाकाऊ फळीवर फिरवलं, खाच पडली ती गोगलगाय गेल्यासारखी. तुम्ही परत आलात तेव्हा मी केसांत भुसा घेऊन उभी होते. आता ऐकावं लागणार, असं मला वाटलं. तुम्ही फळी उचललीत, ती वाकडी खाच बघितलीत आणि म्हणालात, "ह्येला कडंला धरायला कायतरी लागतंय." एवढं बोलून कोपऱ्यातल्या सरळ पट्ट्या माझ्यापुढे टाकल्यात.

तो साचा मी आठ दिवसांत बनवला. पहिले चार दिवस टेपने माप घेत बसले आणि चारही दिवस हरले. तुम्ही हाताने रंधलेल्या फळ्या, कुठली केसभर जाड, कुठली केसभर पातळ. टेप म्हणायचा एक आणि फळी म्हणायची दुसरं. पाचव्या दिवशी मी कारखान्यातून उठून शिवायला बसले, आणि समोर गाठोड्यात सगळ्यांचे मापाचे ब्लाउज होते. कुठली बाई शिंप्याकडे छातीचं माप सांगते? नीट बसणारा एक जुना ब्लाउज देते आणि म्हणते, असाच शिव. मी पायातल्या चपला उलट्यासुलट्या घालून कारखान्यात पळाले.

साचा म्हणजे दोन पट्ट्या आणि त्या धरायला आडवे तुकडे, बाकी काही नाही. पट्टीच्या वरच्या अंगाला मशीन टेकून चालतं आणि पातं पट्टीच्या कडेलगत कापत जातं, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. आता त्या दोन पट्ट्यांच्या मधे जी फळी बसवायची तीच उभी धरायची, दोन्हीकडून दाबायचं, शिकंजा आवळायचा आणि फळी काढून घ्यायची. मधे जी फट राहिली ती त्या फळीचीच जागा. एका पट्टीला धरून मशीन न्यायचं, दुसरीला धरून आणायचं. टेप नाही, पेन्सिल नाही. दुसरी फळी घेतली की साचा पुन्हा तिच्यावर बसवायचा, आणि फळीवर नंबर घालायचा.

पहिली खाच झाली तेव्हा तुम्ही फळी स्वतः आत सरकवलीत. ती गेली, हळू, आवाज न करता, आणि थांबली. तुम्ही हलवून बघितलीत. हलली नाही. त्या वेळी तुम्ही अंगठा खाचेत घालून जो फिरवलात, तोच आता स्वप्नात येतो. मी वाट बघत होते काहीतरी बोलाल म्हणून.

"लई घट हाय," तुम्ही म्हणालात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तुमचं म्हणणं, लाकूड आज आहे तसं उद्या नसतं, ज्येष्ठात हवा ओली झाली की फुगतं, तेव्हा थोडी मोकळीक हवी. माझं म्हणणं, मोकळीकच द्यायची तर एवढा खटाटोप कशाला केला. तुम्ही आत जाऊन कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका घेऊन आलात आणि फळी साच्यात धरताना तिच्या अंगाला लावलीत. पत्रिकेच्या जाडीएवढी जागा. मी म्हटलं, "ढिला ब्लाउज शिवला तर बाई परत आणून टाकती." तुम्ही म्हणालात, "बाई जेवल्यावर बोलंल मग." आत्याबाई दारात बसून लसूण सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "दोघं बी येड्याच्या हाटंला लागल्यात." ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

आता जी गोष्ट लिहायची ती लिहिताना मी उठून दोनदा पाणी पिऊन आले.

कपाटाच्या दोन बाजूंच्या फळ्या तुम्ही आखून दिल्यात. खाची पुढून उघड्या, कारण फळी पुढून ओढायची, आणि मागे दोन बोटं आधीच थांबवायच्या, म्हणजे पोथ्यांच्या मागे हवा खेळती राहते. पुढची कड कुठली ते कळावं म्हणून तुम्ही नेहमीप्रमाणे पेन्सिलीने बाण काढलात. बाणाच्या कडेने मशीन आत घालायचं, दुसऱ्या कडेला थांबायचं. मी तसं केलं. दिवसभर केलं. दहाच्या दहा खाची, एकही डगमगली नाही. संध्याकाळी दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या केल्या. एका बाजूच्या खाची पुढून उघड्या, दुसरीच्या मागून. उलटी करून बघितली तर खण जुळेनात, कारण खालचे खण मोठे आणि वरचे लहान होते. मी दोन्ही बाजू डाव्याच करून ठेवल्या होत्या. उजवी बाजू कुठे नव्हतीच. एवढं जुनं, चांगलं सागवान.

तुम्ही बघितलंत. "व्हय, दोनी डाव्याच," म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दादा आला. बरोबर जीप आणली होती, सामान न्यायला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते.

"पत्र टाकलंतं मी," दादा म्हणाला. "मिळालं न्हवं?"

"मिळालं की," तुम्ही म्हणालात. मला त्या पत्राचं काहीच माहीत नव्हतं.

"मग न्हेतो मंगलला. इथं आता तिनं काय करायचं?"

मामा, मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल की ती आमची आहे. एवढं एकच वाक्य मला हवं होतं.

"पावणं," तुम्ही म्हणालात, "बस्तीचं काम अंगावर हाय, आन तुमच्या भनीनं दोनी बाजू डाव्या करून ठेवल्यात. देवाचं काम हाय. तिनं बिघडवलंय, तिनंच निस्तरायचं. त्ये झालं की खुशाल न्या."

तुम्ही दादाला कारखान्याच्या शेडमध्ये नेलंत, त्या दोन बाजू उभ्या करून दाखवल्यात. मीही मागोमाग आले होते. दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सोन्याचा दागिना हरवून आलेय. आमच्या घरात काम अर्धवट टाकून निघून जाणाऱ्याला तोंड दाखवायला जागा नसते, हे त्यालाही माहीत आणि तुम्हालाही माहीत होतं. तो जेवला, जीप घेऊन रिकामा गेला. जाताना मला म्हणाला, "नीट कर बाई आता तेवढं."

त्या दिवशी मी तुमचा जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. माझ्या भावासमोर माझी चूक मांडलीत. आणि राहा म्हणाला नाहीत ते नाहीच. मी ठरवलं, दोन उजव्या बाजू अशा करेन की बघत राहाल, आणि मग स्वतः कागलच्या एस.टी.त बसेन.

दोन उजव्या, कारण दोन डाव्या पडून होत्या. "एका डावीला एक उजवी, दुसरीला दुसरी," तुम्ही म्हणालात. "दोन कपाटं व्हत्यात." दुसऱ्या कपाटाच्या उजव्या बाजूच्या खाची मी पत्रिका न लावता पाडल्या. तुम्ही बघितलंत आणि पत्रिका आत ठेवून आलात. बस्तीचं कपाट तुमच्या पद्धतीचं झालं आणि दुसरं, जे आपल्या घरात राहिलं, ते माझ्या. दीड महिना गेला. अण्णांनी फळी ओढून बघितली, ढकलून बघितली, आणि कपाटाला नमस्कार केला. मी एस.टी.चं बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत.

भाऊबीजेला दादा आला तेव्हा ओवाळून झाल्यावर त्याने तुम्हालाच विचारलं, "झालं का ते कपाट?"

"तिला इचारा की," तुम्ही म्हणालात आणि सुपारी कातरायला लागलात.

"दुसरं काम आलंय," मी म्हटलं. आलं नव्हतं. एवढं खोटं मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. आठवड्याभरात मात्र खरंच एक आलं, शाहूपुरीतल्या डॉक्टरांच्या पुस्तकांचं.

मग वर्षं कशी गेली ते मला नीट आठवत नाही, आणि आठवतं ते सगळं एकाच लांबलचक दुपारीत घडल्यासारखं आठवतं. त्या दुपारी रेडिओ चालू आहे, भारनियमनाने मधेच मशीन बंद पडतंय आणि आपण दोघं वीज येईपर्यंत उंबऱ्यावर बसून आहोत. कधी तुमच्या डोक्याचे केस काळे, कधी पांढरे. रंकाळ्याकडून वारा आला की भुसा उठतो आणि आत्याबाई आतून ओरडतात, "माझ्या दुधात पडतंय त्ये." सागवान गेलं, प्लाय आली. प्लायवर छापलेली जाडी एक आणि खरी दुसरीच, म्हणून बाकीचे मिस्त्री वैतागायचे. आपल्याला काय, आपण फळीलाच विचारत होतो. दुसऱ्या गल्लीतले मिस्त्री साचा बघायला यायचे. विचारायचे, "खाची कुणी पाडल्या वो?" तुम्ही म्हणायचा, "मशीननं." चौदा वर्षांत एकदाही 'सुनेनं' असं तुमच्या तोंडातून निघालं नाही. मी आत आदळआपट करायचे, भांड्यांचा आवाज तुम्हाला ऐकू जावा म्हणून. तुम्ही आत येऊन साळसूदपणे विचारायचा, "काय पडलं गं?"

आणि आपलं ते भांडण. दर उन्हाळ्यात बस्तीच्या कपाटाच्या फळ्या थोड्या खुळखुळायच्या, मी मुद्दाम हलवून यायचे आणि घरी येऊन सांगायचे. पावसाळ्यात आपल्या घरच्या कपाटाची फळी अडकायची, आणि मी ती ओढत असले की तुम्ही लांबून म्हणायचा, "पत्रिका आणू का लग्नाची?" उन्हाळ्यात तुम्ही हरायचा आणि पावसाळ्यात मी, त्यामुळे निकाल कधी लागलाच नाही. एकदा मी हट्टाने अडकलेल्या फळीला मेण लावलं. ती छान सरकली. मग तोच उपाय बस्तीत श्रुतपंचमीच्या आधी एका फळीला करायला निघाले, तर तुम्ही हात धरलात. मेण मधमाशीचं, ते तिथं कसं चालेल? मला सुचलंच नव्हतं. तुम्ही खिशातून शंखजिऱ्याच्या, म्हणजे गुळगुळीत दगडाच्या, भुकटीची पुरचुंडी काढून दिलीत. ती तुम्ही घरून घेऊन आला होता, म्हणजे मी काय करायला निघालेय ते तुम्हाला आधीच माहीत होतं. तुम्ही असे होता, सांगायचा नाही, फक्त वेळेला हजर असायचा. त्याचा मला त्रासही व्हायचा आणि आधारही. दोन्ही खरंच.

आता जे मी कधी बोलले नाही ते.

घरचं कपाट दोन वर्षांनी मी पॉलिश करायला काढलं. उन्हाळ्याची दुपार होती, दारातून ऊन तिरपं येत होतं आणि डावी बाजू मी त्या उजेडात आडवी ठेवली होती. घासायला लागले, आणि पुढच्या कडेजवळ तुमचा पेन्सिलीचा बाण दिसला. तुम्ही तो कपाटाच्या आतल्या अंगाला काढलेला, म्हणून दोन वर्षं झाली तरी तसाच होता. तेवढ्यात मागच्या कडेला काहीतरी चमकलं. लाकूड तिथं जरा जास्तच गुळगुळीत होतं. पेन्सिल पुसली गेली होती, पण तिच्या टोकाचा दाब लाकडात तसाच होता. तोही बाणच होता. उलट्या दिशेचा.

मी बोट ठेवून बराच वेळ बसले. म्हणजे तुम्ही ती फळी आधी बरोबर आखली होती. ती उजवी बाजूच होती. मग पॉलिशच्या कागदाने तो बाण घासून काढलात आणि दुसऱ्या कडेला नवा काढलात. मी त्या बाणाप्रमाणे मशीन चालवलं. दादाचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. चाळीस वर्षं हातात फळी धरणारा माणूस, आंधळाही सांगेल की ह्याने फळी कधी उलटी आखली नाही, त्याने एवढं जुनं सागवान जाणूनबुजून चुकवलं आणि चूक माझ्या नावावर टाकली. कारण सून राहावी असं सासऱ्याने म्हटलं असतं तर दादाने हात जोडून नेलंच असतं, वर लोकांनी दहा अर्थ काढले असते. बिघडलेल्या कामापुढे मात्र कुणालाच काही बोलता आलं नाही.

तेवढ्यात तुम्ही चहाला आलात. माझं बोट त्या जागेवर होतं. तुम्ही बघितलंत, मी तुमच्याकडे बघितलं. "च्या झाला का?" तुम्ही विचारलंत. "ठेवते," मी म्हटलं आणि उठले. त्या जागेवर मी पॉलिश फिरवलं नाही, आणि आपण दोघंही त्याबद्दल पुढे बारा वर्षं काही बोललो नाही. मामा, मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं की नव्हतं, एवढंच मला माहीत नाही. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत मी तुमच्या मनगटाला तेल चोळत बसले होते तेव्हा शब्द अगदी ओठावर आले होते. तुम्ही म्हणालात, "शेडचं दार वडून घ्यायला सांग कुणालातरी, भुसा भिजंल." मी हो म्हटलं आणि ते राहून गेलं.

इथवर लिहून मी वही मिटली होती. काल रविवार झाला.

दादा आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत, जीपऐवजी मुलाची गाडी घेऊन आला होता. आत्याबाईंच्या पाया पडला, तुमच्या फोटोपुढे बसला, रडलासुद्धा. मग जेवताना त्याने विचारलंच. कागलला वरती नवी खोली बांधलीय, खिडकीतून शेत दिसतं, आत्याबाईंनाही घेऊन चल, असं म्हणाला. मनापासून म्हणाला. त्याचं चुकलं काहीच नाही.

आत्याबाई ताटात बोट फिरवत बसल्या होत्या. मला कळत होतं की त्या माझ्या तोंडाकडे बघताहेत, आणि राहा असं त्याही म्हणणार नाहीत. तुमच्याच बायको त्या.

मी त्याला कामं सांगू शकले असते. शेडमध्ये तीन कपाटं अर्धी आहेत, ह्या वेळी खरोखरच आहेत. पण मला ते सांगावंसं वाटलं नाही. मामा, एक सांगते. तेव्हा तुम्ही तोंडाने राहा म्हणाला असता ना, तर मी गेले असते. मी अशीच आहे, कुणी धरून ठेवलं की मला निघून जावंसं वाटतं. तुम्ही धरलं नाहीत, वाटेत एक चूक ठेवलीत, आणि ती निस्तरता निस्तरता मला माझे हात सापडले. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, उलट भांडी आपटली.

दादाने पुन्हा विचारलं, अगदी हळू, "मंगल, मिस्त्री गेले. म्हातारीचं आज-उद्याचं काय सांगावं. मग ह्या घरात तुझं कोण हाय?"

"मी हाय की," मी म्हटलं.

दादाने घास खाली ठेवला. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाल्या, "त्येला भात वाढ." मी भात वाढला. सतरा वर्षं ह्या घरात राहिले, पण हे मी काल पहिल्यांदा बोलले, आणि ते ऐकायला तुम्ही हवे होता.